दोन बाजूंचा सनबोर्ड: दोन शीट चिकटवून टिकाऊ बोर्ड कसा बनवायचा?



भिंतीला काटकोनात लावलेला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वाचता येणारा बोर्ड तुम्ही रोज बघता. मेडिकल, झेरॉक्स, मोबाइल रिपेअरिंग, सगळ्यांनाच तो लागतो. छोट्या वर्कशॉपसाठी हे काम चांगलं आहे. पण एका पावसाळ्यात बोर्ड केळ्यासारखा वाकला किंवा त्याच्या कडा सुटल्या, तर गिऱ्हाईक परत येतं ते ऑर्डर घेऊन नाही, तक्रार घेऊन. म्हणून व्हिडिओतली पद्धत इथे कारणांसह लिहून देतो.

आधी मुद्दा समजून घ्या

शंभर पानी वही वाकवून बघा. सहज वाकते, कारण पानं एकमेकांवर सरकतात. तीच पानं एकमेकांना पक्की चिकटवली तर पुठ्ठा होतो. फोमशीटचंही तसंच आहे. १० मिमीच्या दोन शीट नुसत्या स्क्रूने एकत्र धरल्या, तर ताठपणा साधारण दुप्पट होतो. पूर्ण पृष्ठभागावर चिकटवल्या तर जवळजवळ आठपट, कारण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे शीट तेवढीच, खर्च फक्त गोंदाचा आणि वेळेचा, आणि माल चौपट ताठ.

माप ठरवताना शीट डोळ्यासमोर ठेवा

आठ बाय चारची शीट म्हणजे २४४० × १२२० मिमी. बोर्ड ६०० × ८०० मिमीचा ठेवला, तर एका शीटमधून सहा तुकडे, म्हणजे तीन बोर्ड निघतात. तुकडे ६०५ × ८०५ चे कापा. वरचे ५ मिमी चिकटवल्यानंतर साफ करायला लागतात. गिऱ्हाइकाला हेच माप सुचवलं तर वेस्टेज जवळजवळ शून्य. तेच दोन बाय तीन फूट म्हटलं, की शीटमधून पाचच तुकडे निघतात आणि एक तुकडा बिनजोडीचा पडून राहतो.

शीट पीव्हीसीचीच घ्या. कागदाच्या आवरणाचा फोमबोर्ड बाहेर चालत नाही, पाणी लागलं की फुगतो.

चिकटवण्याची पद्धत

१. एका बोर्डाचे दोन्ही तुकडे एकाच शीटमधले घ्या. कापायच्या आधी शीटच्या लांबीच्या दिशेने बाण काढा आणि चिकटवताना दोन्ही बाण एकाच दिशेला ठेवा.

२. आतल्या बाजू बारीक पॉलिश पेपरने हलक्या घासा. चकाकी गेली की पुरे. धूळ झटका आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर वापरू नका, त्याने पीव्हीसी मऊ पडतं.

३. सिंथेटिक रबरचा गोंद दोन्ही बाजूंना पातळ आणि सारखा पसरवा. आता थांबा. बोट लावल्यावर गोंद बोटाला येत नाही, तोपर्यंत जोडायचं नाही. दमट हवेत याला जास्त वेळ लागतो. घाई केलीत तर सॉल्व्हंट आत अडकतं, त्याला बाहेर पडायला वाट नसते आणि उन्हात बोर्डाला फुगे येतात. काम करताना खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास विडी-सिगारेट, वेल्डिंग काही नको. या गोंदाची वाफ पेट घेते.

४. हा गोंद एकदा टेकला की सुटत नाही. म्हणून खालच्या तुकड्यावर चार-पाच कोरड्या लाकडी पट्ट्या आडव्या ठेवा, वरचा तुकडा जुळवा, मग मधली पट्टी आधी काढा. मधून कडेकडे रोलर फिरवा. सपाट टेबलावर वजन ठेवून २४ तास सोडा.

५. आता ६०० × ८०० ला कापून कडा घासा. शीट स्वतः पाणी पीत नाही, पण गोंदाची रेघ उघडी राहते. न्यूट्रल सिलिकॉन लावून चारही बाजूंना ॲल्युमिनियमचा यू-चॅनेल बसवा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातूला खातं, ते टाळा. खालच्या चॅनेलला दोन छोटी भोकं पाडा, आत शिरलेलं पाणी निघून जाईल.

व्हिनाइल चॅनेलच्या आधीच लावायचं, म्हणजे त्याची कड आत झाकली जाते. दोन्ही बाजूंना व्हिनाइल आणि लॅमिनेशन एकाच प्रकारचं हवं. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ लावलंत, की बोर्ड वाकणारच. मोठा काळा भागही टाळा. काळा रंग उन्हात खूप तापतो आणि पीव्हीसी साधारण ६०–७० अंशांना मऊ पडायला लागतं.

फिटिंगमध्ये काटकसर नको

हा बोर्ड सव्वापाच किलोच्या आसपास भरतो. त्यामुळे "हलका तर आहे" म्हणून वरच्या दोन हुकांवर टांगायचा मोह होतो. पण इथे प्रश्न वाऱ्याचा आहे. आयएस ८७५ भाग ३ मध्ये मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. त्या हिशोबाने या छोट्या बोर्डावर आडवा जोर ५५ किलोच्या वर जातो, आणि आकाराचा गुणक धरला तर आणखी वाढतो. खाली फुटपाथवर माणसं चालत असतात. म्हणून ब्रॅकेट वर आणि खाली दोन्हीकडे द्या, बोल्ट आरपार घाला आणि वॉशर मोठे वापरा. ८ मिमीच्या बोल्टला १० मिमीचं भोक ठेवा. रात्र आणि भर ऊन यांत ३० अंशांचा फरक पडला, तर ८०० मिमीची शीट दीड मिमीच्या आसपास वाढते. तिला हलायला जागा नसेल तर भोकापाशी चीर जाते.

दर सांगताना

कोटेशनमध्ये शीट, गोंद, व्हिनाइल, चॅनेल, ब्रॅकेट, फिटिंग असं वेगवेगळं लिहा. मग शेजारच्याचा स्वस्त भाव आला, तरी त्याने काय गाळलंय ते गिऱ्हाईक स्वतःच विचारेल. दरवर्षी मे महिन्यात बोल्ट आणि कडा तपासून द्यायचं कामही त्यातच जोडा. लोकांची सुरक्षा राहते आणि तुमचं पुन्हा जाणं होतं.

या आठवड्याचं काम: एक फुटाचे चार तुकडे घ्या. दोन नीट वाळवून चिकटवा आणि दोन ओल्या गोंदावर. दोन्ही जोड्या आठ दिवस गच्चीवर उन्हात ठेवा. मग हातात घेऊन बघा, घाईची किंमत लगेच कळेल.