संगणकातील जागा मोकळी करताना हिशेबाची अमानत सांभाळा



दिव्य कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत कोणत्या विषयावर आहे, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. सूरह बकरहची २८२ वी आयत ही ती आयत होय, आणि तिचा विषय आहे उधारीच्या व्यवहाराची लिखापढी. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत, रक्कम लहान आहे म्हणून लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी शिकवण तीत आहे. यावरून हिशेबाची वही ही केवळ दुकानदाराची मालमत्ता नसते हे स्पष्ट होते. ज्याचे आपण देणे लागतो आणि जो आपले देणे लागतो, त्या दोघांचा हक्क तीत नोंदलेला असतो. म्हणून ती अमानत आहे.

आज ही वही बहुतेक दुकानांत संगणकात आहे. त्या संगणकावर एके दिवशी 'डिस्कमध्ये जागा शिल्लक नाही' अशी सूचना येते. बिल निघायला वेळ लागतो, नोंद अर्धवट राहते, आणि काउंटरवरचा मुलगा दिसेल ते फोल्डर पुसू लागतो. या घाईत आयुष्यभराचा हिशेब जाऊ शकतो. जागा कशी मोकळी करावी, काय पुसावे, काय हलवावे आणि कोणत्या क्रमाने, याचा विचार आजच्या पाठात करू.

१) सर्व्हर म्हणजे कोणता संगणक?

सर्व्हर हा शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही. दुकानात तीन संगणक असतील, त्यांपैकी एकावर हिशेबाचा डेटा असेल व बाकीचे दोन तारेने किंवा वायफायने त्याच डेटावर काम करत असतील, तर तो पहिला संगणक म्हणजे आपला सर्व्हर. तो बंद पडला तर तिन्ही काउंटर बंद पडतात.

आपल्या भागात हिशेबासाठी टॅलीचा वापर मोठा आहे. १९८६ साली श्यामसुंदर गोयंका व त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी बंगळूर येथे हा उद्योग सुरू केला. श्यामसुंदर गोयंका यांचा मूळ व्यवसाय कापड गिरण्यांना व कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे भाग पुरवण्याचा होता. स्वतःच्या धंद्याचा हिशेब नीट ठेवणारे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलाने ते तयार केले. भरत गोयंका यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. म्हणजे आपण वापरतो ते साधन कापडाशी जोडलेल्या धंद्याच्या गरजेतूनच जन्मले आहे.

२) जागा कोण खाते?

डोळ्यांसमोर हिशेब असावा म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, एका कापड दुकानाच्या सर्व्हरवर सी ड्राइव्ह १०० जीबीचा आहे आणि त्यात फक्त ३ जीबी जागा उरली आहे. उरलेल्या ९७ जीबीची फोड अशी:

विंडोज व इतर प्रोग्राम: ५२ जीबी
जुन्या विंडोजचा राहिलेला साठा: १६ जीबी
अपडेटच्या उतरवलेल्या व तात्पुरत्या फाइली: ७ जीबी
हिशेबाचा चालू डेटा: ४ जीबी
त्याच ड्राइव्हवर रोज घेतलेले जुने बॅकअप: १८ जीबी

येथे एक गोष्ट ध्यानात येईल. खरी वही फक्त ४ जीबीची आहे. गर्दी केली आहे ती अपडेटच्या उरलेल्या मालाने आणि त्याच कपाटात कोंबलेल्या बॅकअपनी. तरीही हिशेबाच्या फोल्डरावर तारखा जुन्या दिसतात म्हणून पहिली कुऱ्हाड बहुधा त्यावरच पडते.

म्हणून नियम असा धरावा: जे पुन्हा बाजारातून आणता येते ते पुसावे, जे पुन्हा आणता येत नाही ते हलवावे. अपडेटच्या फाइली मायक्रोसॉफ्टकडून पुन्हा उतरवता येतात. मागच्या ईदच्या हंगामातील उधारी कोणाकडूनही पुन्हा उतरवता येत नाही.

३) अपडेटच्या फाइलींचे काय करावे?

विंडोजमध्ये 'डिस्क क्लीनअप' नावाची सोय आहे. ती उघडून सिस्टीम फाइली साफ करण्याचा पर्याय निवडला, की अपडेटचा उरलेला माल, तात्पुरत्या फाइली आणि जुन्या विंडोजचा साठा वेगवेगळा दिसतो. मात्र यादीतील प्रत्येक खूण वाचूनच ठेवावी. डाउनलोडचे फोल्डर यादीत दिसत असेल व तेथे आपली बिले, पावत्या ठेवल्या असतील, तर त्यावर खूण करू नये.

विंडोज १० वरून ११ वर गेल्यावर 'विंडोज ओल्ड' नावाचे मोठे फोल्डर मागे राहते. जुन्या विंडोजवर परतता यावे यासाठी ते असते व साधारण दहा दिवसांनी विंडोज स्वतःच ते काढून टाकते. हिशेबाचे सॉफ्टवेअर, प्रिंटर व बारकोडचे यंत्र नव्या विंडोजवर नीट चालते याची खात्री होईपर्यंत ते आपल्या हाताने काढू नये.

विंडोजच्या आतील 'विनएसएक्सएस' नावाचे फोल्डर फार मोठे दिसते. त्याला कधीही हाताने हात लावू नये. त्यातील भागांवरच विंडोज उभे असते.

जागा वाचवण्यासाठी अपडेटच बंद करून टाकावे, असा सल्ला काही मंडळी देतात. हा सल्ला घातक आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातील संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते, त्यांच्यावर आपत्ती आली. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही जुना संगणक वापरणाऱ्यांनी विसरू नये.

ज्या महाविद्यालयात किंवा पतसंस्थेत पंचवीस-पन्नास संगणक आहेत, तेथे एकच सर्व्हर अपडेट उतरवून सर्वांना वाटतो. त्या सोयीला डब्ल्यूएसयूएस म्हणतात. तिचा साठा फार फुगतो. तो दुसऱ्या ड्राइव्हवर नेण्यासाठी तिच्यातच 'मूव्हकंटेंट' ही आज्ञा दिलेली आहे. फोल्डर माउसने ओढून नेले, तर माल नव्या गोदामात आणि नोंद जुन्या गोदामाची, असा घोटाळा होतो.

४) डेटा हलवण्याची रीत

उदगीरकरांना पत्ता बदलणे नवीन नाही. आपला तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि ऑगस्ट १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहे. गाव, किल्ला, बाजार जागेवरच राहिले. पण अर्ज कोणत्या कचेरीत न्यायचा हे प्रत्येक वेळी बदलले. डेटाचे नेमके याच्या उलट आहे. येथे माल हलतो, आणि नवा पत्ता सॉफ्टवेअरला सांगावा लागतो. नाहीतर ते जुन्याच दारावर थाप मारत राहते.

दुकान वाढवल्यावर, निवांत वेळी, पुढील क्रमाने काम करावे.

पहिले: तेरीज, साठ्याचा गोषवारा, येणे-देणे यादी आणि शेवटच्या बिलाचा क्रमांक छापून घ्यावा.
दुसरे: सर्व संगणकांवरील हिशेबाचे सॉफ्टवेअर बंद करावे. एकही काउंटर चालू नको.
तिसरे: बाहेरच्या डिस्कवर ताजा बॅकअप घ्यावा.
चौथे: डेटाचे पूर्ण फोल्डर डी ड्राइव्हवर कॉपी करावे. 'कट' करू नये. मध्येच वीज गेली तर कट केलेला माल अर्धा इकडे, अर्धा तिकडे होतो. यूपीएस चालू असावा.
पाचवे: टॅलीच्या सेटिंगमध्ये कंपनी डेटाचा नवा मार्ग द्यावा.
सहावे: कंपनी उघडून छापलेल्या कागदांशी आकडे पडताळावेत. एका रुपयाचाही फरक असता कामा नये.

काही बिलिंग सॉफ्टवेअरांचा डेटा साध्या फोल्डरात नसून एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसात असतो. त्याच्या किमान दोन फाइली असतात. एकीत नोंदी असतात, दुसरीत प्रत्येक बदलाचा रोजनामा असतो, ज्याला लॉग म्हणतात. लॉगची फाइल कधीकधी नोंदींच्या फाइलीपेक्षाही मोठी होते. ती निरुपयोगी समजून पुसू नये, तिच्याशिवाय डेटाबेस उघडेनासा होऊ शकतो. असा डेटाबेस हलवताना आधी बॅकअप, मग डेटाबेस सोडवणे, दोन्ही फाइली नव्या जागी कॉपी करणे, नव्या फोल्डराची परवानगी एसक्यूएल सर्व्हरला देणे आणि तेथून पुन्हा जोडणे, असा क्रम असतो. हे काम जाणकाराकडून करून घ्यावे, पण आपल्या डोळ्यांसमोर.

वरील उदाहरणात २३ जीबी साफ झाले आणि २२ जीबी हलवले, तर सी ड्राइव्हवर ३ ऐवजी ४८ जीबी जागा होते, आणि नवा संगणक घेण्याचा खर्च टळतो.

५) दोन वह्यांचा धोका

खरी गफलत येथून पुढे होते. सर्व्हरवर नवा मार्ग दिला, पण गोदामातील संगणकावर जुनाच राहिला. जुने फोल्डर अजून जागेवर आहे, म्हणून तो तक्रार न करता उघडतो. आता गल्ल्यावरची विक्री नव्या वहीत आणि गोदामातील आवक जुन्या वहीत जाऊ लागते. भिवंडीहून आलेल्या गाठी एका वहीत जमा, त्यातलेच तागे दुसरीत खर्च. देवणीचा गिऱ्हाईक गोदामात पैसे भरून जातो आणि गल्ल्यावर त्याची बाकी तशीच दिसते. पंधरा दिवसांनी त्याच्याकडे पुन्हा पैसे मागितले जातात. त्याने तर प्रामाणिकपणे दिलेले असतात. अशा वेळी पैशापेक्षा अब्रू जास्त जाते, आणि दुसऱ्याचा हक्क आपल्या अंगावर राहतो.

यावर उपाय सोपा आहे. पडताळणी झाली की त्याच रात्री जुन्या फोल्डराचे नाव बदलावे, उदाहरणार्थ 'जुना बंद' असे. मग ज्या संगणकावर जुना मार्ग राहिला असेल, तो सकाळी लगेच तक्रार करील. जुने फोल्डर एक महिना तसेच ठेवून, महिन्याची तेरीज व जीएसटीचे विवरण जुळल्यावरच काढावे.

६) हलवणे म्हणजे बॅकअप नव्हे

पुष्कळ ठिकाणी सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एकाच कपाटाचे हे दोन कप्पे. कपाटाला आग लागली तर दोन्ही जातात. म्हणून एक प्रत बाहेरच्या डिस्कवर असावी, ती दुकानाऐवजी घरी असावी, आणि काम झाल्यावर तिची तार काढलेली असावी.

तार काढण्याचे महत्त्व एका घटनेवरून कळते. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या हल्ल्यात मर्स्क या मोठ्या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर कोलमडली. न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात तिच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. कंपनीच्या साऱ्या जाळ्याची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या प्रती एकामागून एक नष्ट झाल्या. वाचली ती फक्त एक, आफ्रिकेतील घाना देशातील. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती, म्हणून तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून पुढचे सारे उभे राहिले. वीज जाण्याला आपण नेहमी दोष देतो. घानामध्ये तिनेच घर वाचवले. आपण मात्र वीज जाण्याची वाट न पाहता स्वतःच तार काढावी.

कायदाही हेच सांगतो. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. २०२३-२४ च्या विवरणाची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे त्या वर्षाच्या वह्या ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हव्यात. अपील चालू असेल तर मुदत आणखी लांबू शकते. संगणकातील नोंदींचा बॅकअप ठेवावा आणि अपघातात त्या नष्ट झाल्यास वाजवी वेळेत परत उभ्या करता याव्यात, असे नियम ५७ मध्ये आहे. आपला माल सीमेपलीकडे बीदर, भालकीला जातो, त्यामुळे आंतरराज्य विक्रीची बिले मागितली जाण्याचा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. 'संगणक भरला होता, म्हणून पुसले' हे उत्तर कोणत्याही कचेरीत चालणार नाही.

आणि एक हिशेब कचेरीपलीकडेही द्यायचा आहे. कोणाचे किती देणे राहिले हे ज्या वहीत लिहिले आहे, ती जपणे हा व्यापाराचा भाग आहे आणि दीनचाही. संगणकाची जागा मोकळी जरूर करावी, पण कोणाचा हक्क पुसून नव्हे.

अल्लाह आपणा सर्वांच्या व्यवहारात सचोटी व बरकत देवो. आमीन.