गावकुसाबाहेरची प्रदक्षिणा



हल्ली पुष्कळ गावांतून एक उपक्रम सुरू झाला आहे. सुटीच्या दिवशी सकाळी पंचवीस-तीस मंडळी जमतात, कोणी जाणता माणूस पुढे होतो, आणि वेस, वाडा, बारव, देऊळ, समाधी अशी एकेक जागा दाखवीत गावाचा इतिहास सांगत चालतो. याला कोणी इतिहास-फेरी म्हणतात, कोणी वारसा-फेरी म्हणतात. नाव नवे असले तरी वस्तू आपल्या घरचीच आहे. आळंदीहून निघालेला वारकरी सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण अशी मजल दरमजल करीत वाखरीला पोहोचतो, तेव्हा मुक्कामागणिक तो कथा ऐकत असतो. नीरेचे स्नान कशासाठी, रिंगण कोठे, अमक्या दिंडीचा मान कोणता, हे त्याला पुस्तकाने शिकविलेले नसते, पायांनी शिकविलेले असते. पंढरीस गेल्यावर नगरप्रदक्षिणा केल्याशिवाय आपली वारी पुरी होत नाही. तेव्हा चालत चालत स्मरण करणे ही आपली जुनीच साधना होय.

मग या फेऱ्यांविषयी वेगळे सांगण्यासारखे काय आहे? दोन गोष्टी आहेत. फेरीत जे सांगायचे ते कसे सांगावे, ही एक. आणि फेरी कोठवर न्यावी, ही दुसरी. या दोहोंचा विचार मंगळवेढ्याच्या उदाहरणाने करू. पंढरपुराहून हे गाव अवघे पंचवीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पायी एका दिवसाची मजल. आणि एवढ्या लहान गावाशी आपल्या संप्रदायाचे जितके धागे गुंतले आहेत तितके फार थोड्या गावांशी गुंतलेले आढळतील.

सांगावे कसे?

पाठशाळेत तर्कसंग्रह शिकताना विद्यार्थ्याला पहिल्यांदा चार प्रमाणे पाठ करावी लागतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. उपमानाचे येथे फारसे काम नाही. बाकीची तीन मात्र गावफेरीला दिव्यासारखी उपयोगी पडतात. डोळ्यांनी दिसते ते प्रत्यक्ष. धूर पाहून डोंगरावर अग्नी आहे असे आपण ठरवितो, ते अनुमान. आणि विश्वासू, जाणत्या माणसाच्या सांगण्यावरून कळते तो शब्द. प्रत्येक थांब्यावर सांगणाऱ्याने मनाशी विचारावे, "मी आता बोलतो आहे ते यांपैकी काय?" आणि ऐकणाऱ्यालाही तसे स्पष्ट सांगावे. एवढे पथ्य पाळले तर पुष्कळ भांडणे मिटतील आणि पुष्कळ थापाही थांबतील.

मंगळवेढ्याचा भुईकोट किल्ला आहे. त्याचे अवशेष आणि जवळचा कृष्ण तलाव आपण डोळ्यांनी पाहू शकतो. हे प्रत्यक्ष झाले. बाराव्या शतकात कलचुरी राजा बिज्जल याची राजधानी कल्याणला जाण्यापूर्वी येथे होती. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंग विजापूरवर चालून गेले, तेव्हा शिवाजी महाराज त्या स्वारीत होते, आणि त्या वेळी हे ठाणे विजापूरकरांकडून घेतले गेले. पुढे हे गाव सांगलीच्या पटवर्धन संस्थानात होते. या गोष्टी शिलालेख व कागदपत्रे यांच्या आधाराने सांगता येतात.

आता अनुमान पाहा. मंगळवेढ्याची काळी, चिकण, ओल धरून ठेवणारी जमीन. थोड्या पावसावर येथे रब्बीची ज्वारी उभी राहते, आणि ती अशी की २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. यावरून बिदरच्या बहामनी सरकारने येथे धान्याची कोठारे का ठेवली असतील, हे आपल्याला समजते. शेतातले कणीस हातात घेऊन ही गोष्ट सांगितली तर शाळेतले पोरही ती विसरणार नाही.

आणि आता शब्द. दामाजीपंत हे पंधराव्या शतकात बहामनी सरकारचे येथील अंमलदार. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मरू लागली, तेव्हा त्यांनी सरकारी कोठारे लोकांना खुली केली. त्यांना पकडून बिदरला नेले जात असता विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेतले आणि दरबारात जाऊन धान्याची किंमत भरली. ही कथा महिपतीबुवा ताहराबादकरांनी भक्तविजयात सविस्तर गायिली आहे. तो ग्रंथ १७६२ चा, म्हणजे घटनेनंतर सुमारे तीनशे वर्षांनी लिहिलेला. हे अंतर लपवू नये. ते सांगितल्याने दामाजीपंत लहान होत नाहीत. श्रद्धेला खोटा दाखला जोडण्याची गरज नसते. श्रद्धा आपल्या पायांवर उभी असते. "हे परंपरा सांगते" एवढे म्हटले की कथा आपल्या जागी शोभते आणि इतिहासही आपल्या जागी राहतो.

मात्र त्या कथेत एक खूण आहे, ती दृष्टीआड होऊ देऊ नये. देवाला बिदरला जायचे होते. सावकाराचे रूप घेता आले असते, सरदाराचे घेता आले असते. परंपरेने देवाला रूप दिले ते गावकुसाबाहेरच्या माणसाचे. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथेच सुरू होते.

फेरी कोठवर न्यावी?

बहुतेक फेऱ्या वेशीत सुरू होतात आणि वेशीतच संपतात. तट किती रुंद, दरवाजा किती उंच, बुरूज किती, हे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. तटाचे दगड कोणी वाहिले, हे सहसा कोणी सांगत नाही.

मंगळवेढ्यात या प्रश्नाला निदान एक नाव तरी मिळते. चोखोबा. गावकुसाचे काम चालू होते, महार मंडळींना त्या कामावर लावले होते, आणि ते कूस अंगावर कोसळून चोखोबा व त्यांच्याबरोबरची माणसे गाडली गेली. ही गोष्ट शके १२६० ची, म्हणजे इ. स. १३३८ ची मानतात. पुढे नामदेवराय आले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या, आणि पंढरीस महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली. आपण नामदेव पायरीचे दर्शन घेतो तेव्हा समोरच ती आहे. पण चोखोबांबरोबर जे गेले, त्यांपैकी एकाचेही नाव आपल्यापाशी नाही.

चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर का, हेही मुलांना सांगितले पाहिजे. त्यांना आत जाण्याची मुभा नव्हती. त्यांच्या मागून आलेल्या त्यांच्या समाजालाही नव्हती. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा कोठे ते दार उघडण्याचा निर्णय झाला. १३३८ पासून मोजले तर सहाशे नऊ वर्षे होतात. आपण त्या काळात टाळ वाजवीतच होतो, एकादशी करीतच होतो.

कान्होपात्राही याच गावची. गणिकेची मुलगी. बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा तिने विठ्ठलाचे पाय धरले आणि तेथेच देह ठेवला, असे परंपरा सांगते. तिची आठवण म्हणून पंढरीच्या देवळात तरटीचे झाड दाखवितात. आपण त्या झाडाला हात जोडतो. पण तिच्या गावात फिरताना तिच्या आईच्या वस्तीचा विषय निघाला की सांगणारा घाईने पुढच्या वाड्याकडे वळतो.

कोणी म्हणेल, "महाराज, जुन्या जखमा कशाला उकरता? फेरी आनंदाची असावी." त्याला माझे उत्तर असे. कीर्तनात चोखोबांचा अभंग आला की आपल्या डोळ्यांत पाणी येते. सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा यांची नावे आपण आदराने घेतो. मग ती माणसे जेथे राहिली, ज्या भिंतीखाली गेली, ती जागा दाखवायला लाज का वाटावी? अभंग गायचा आणि जागा टाळायची, यात भक्ती अर्धीच होते. शिवाय प्रदक्षिणा शब्दाचा अर्थच पाहा. देव मध्ये ठेवून भोवती, बाहेरून फिरणे ती प्रदक्षिणा. जी फेरी आतल्या आतच फिरते, तिला येरझार म्हणावे.

करावे काय?

आपल्या गावी अशी फेरी काढावयाची असेल तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

१. फेरीआधी गावातल्या सर्व आळ्यांतील, सर्व जातींच्या म्हाताऱ्या माणसांना भेटावे; बायकांना विसरू नये. त्या सांगतील ते वहीत उतरावे. कोणी सांगितले, कधी सांगितले, हेही लिहावे. म्हातारे माणूस गेले की शब्दप्रमाण त्याच्याबरोबर जाते.

२. थांबे सहा-सातच असावेत आणि त्यांपैकी दोन तरी गावकुसाबाहेरचे असावेत. तेथे सांगण्याचा पहिला मान त्याच वस्तीतल्या माणसाला द्यावा. आपण ऐकावे.

३. शिलालेख, वीरगळ, जुन्या मूर्ती यांना ऑइलपेंट लावू नये, शेंदूर-तेलाचे थर चढवू नयेत, अक्षरे खिळ्याने कोरून ठळक करू नयेत. पंढरीच्या देवळातील शके ११९५ ते ११९९ चा चौऱ्यांशीचा लेख आज वाचता येतो, तो दगड राहिला म्हणून. अक्षर एकदा बुजले की प्रत्यक्षही गेले आणि अनुमानही गेले.

४. नांगरताना, पाया खणताना काही सापडले तर घरी नेऊ नये. तहसीलदारांना व पुरातत्त्व खात्याला कळवावे. २०२४ साली विठ्ठल मंदिराच्या जतनाचे काम चालू असता फरशीखाली तळघर उघडकीस आले आणि आत जुन्या मूर्ती मिळाल्या. जेथे रोज हजारो पाय पडत होते तेथेही हे दडलेले होते. तुमच्या गावच्या पारावरही काही नसेल, असे कोणी सांगावे?

तात्पर्य, येत्या कार्तिकीला पंढरीस याल तेव्हा एक दिवस अधिक काढा आणि मंगळवेढ्यास जा. दामाजीपंतांच्या देवळात माथा टेकवा. मग कोणालाही विचारा, "जुने गावकूस कोठून जात होते?" दाखवील त्या रेषेच्या बाहेर पाऊल टाका, क्षणभर थांबा, आणि ज्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी एकवार विठ्ठलनाम घ्या. मग आपल्या गावी परत जा आणि तेथील कूस शोधा. ते प्रत्येक गावाला होते.

रामकृष्णहरि.