राखणीसाठी कारवान कुत्रा : योग्यता व मर्यादा

दख्खनच्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या पाळला जाणारा कारवान कुत्रा कर्नाटकात ‘मुधोळ’ या नावाने प्रसिद्ध आहे. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या जातीच्या संवर्धनास आश्रय दिला. टपाल खात्याने 2005 मध्ये तिच्यावर तिकीट काढले. 2016 मध्ये लष्कराने मेरठ येथे या कुत्र्यांच्या प्रशिक्षणास आरंभ केला. मात्र या लौकिकावरून शेतवस्तीच्या राखणीसाठी त्याची निवड करण्यापूर्वी त्याचा मूळ स्वभाव ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

कारवान हा नजरेने सावज हेरून वेगाने पाठलाग करणारा शिकारी कुत्रा होय. तीक्ष्ण दृष्टी, परक्याविषयीचा संशय व धन्यावरील निष्ठा यांमुळे तो अनोळखी माणसाची चाहूल उत्तम देतो. परंतु त्याची सडपातळ देहयष्टी धावण्यासाठी आहे. चोराशी झुंजून त्यास रोखून धरण्यासाठी नव्हे. पळणाऱ्या शेळी-कोंबडीमागेही तो धावतो. म्हणून पिलू असतानाच त्यास पाळीव जनावरांची सवय लावावी. सतत साखळीस बांधल्यास तो चिडखोर बनतो. त्यास कुंपणाचे आवार व रोजची दौड आवश्यक आहे.

सशाच्या शिकारीसाठी त्याचा वापर करणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये गुन्हा ठरतो, हे ग्रामस्थांस समजावून द्यावे. पिलू तीन महिन्यांचे होताच रेबीज-प्रतिबंधक लस टोचून घ्यावी व पुढेही ती पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित द्यावी.

सारांश, मोकळी जागा व माणसांचा सहवास देता येत असेल, तरच कारवान पाळावा. तो सावध करील. बंदोबस्त मात्र माणसानेच करावयाचा आहे.