भूकंपाने खचलेल्या घरांची पुनर्बांधणी व सबलीकरण

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंपाचा तीव्र धक्का बसला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकतीच निद्राधीन झाली होती. किल्लारी, सास्तूर व परिसरातील गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली व सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. एवढ्या प्रमाणात प्राणहानी होण्यास भूकंपाइतकीच घरांची बांधणीही कारणीभूत ठरली. म्हणूनच घर कसे बांधावे व खचलेले घर कसे सावरावे, हा प्रश्न ग्रामविकासाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

भिंती का ढासळल्या?

या भागातील माळवदाची घरे दगड व मातीच्या बांधकामाची होती. दोन ते तीन फूट किंवा त्याहूनही रुंद भिंतीच्या आत व बाहेर दगडांचे एकेक आवरण आणि मधे दगडगोटे व मातीची भर, अशी ही रचना. दोन्ही आवरणांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसत. त्यामुळे हादरा बसताच आवरणे एकमेकांपासून सुटली, भिंतींना पोट सुटले व त्या कोसळल्या. छतावरील मातीचा थर गळती थांबविण्यासाठी वर्षानुवर्षे वाढत गेलेला असे. तो सारा भार झोपलेल्या माणसांवर आला. भिंतीची जाडी म्हणजे मजबुती, हा समज या आपत्तीने खोटा ठरविला.

दुरुस्ती आणि सबलीकरण यांतील भेद

भेगा बुजविणे, गिलावा करणे, दारेखिडक्या बसविणे ही झाली केवळ दुरुस्ती. त्याने घर नीटनेटके दिसते. बळ मात्र वाढत नाही. भेगांत सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने भरणे, ढासळलेला भाग नव्याने बांधणे यामुळे घराला पूर्वीचे बळ मिळते. यास पुनःस्थापन म्हणता येईल. तथापि पूर्वीचे बळच अपुरे असल्यास तेवढ्याने भागत नाही. मूळ बळापेक्षा अधिक बळ देणे म्हणजे सबलीकरण. भारतीय मानक ब्युरोने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आय.एस. १३९३५ या मानकातही हा भेद स्पष्ट करण्यात आला आहे.

सबलीकरणाचे प्रमुख उपाय

१. छताला टेकू देऊन मगच कामास आरंभ करावा. छतावरील मातीचा जादा थर काढून भार कमी करावा व गळती थांबविण्यासाठी पॉलिथिनचे आवरण घालावे.

२. दगडी भिंतीत सुमारे मीटरभर अंतराने अलगद आरपार छिद्रे पाडावीत. त्यांत दोन्ही टोकांना आकडे असलेली लोखंडी सळई ठेवून काँक्रीट भरावे. हा नवा आरपार दगडच होय. सर्व छिद्रे एकाच वेळी पाडू नयेत.

३. दारेखिडक्यांच्या वर अथवा छताच्या लगत खाली भिंतीच्या दोन्ही अंगांस तारेची जाळी ठोकून त्यावर सिमेंटचा गिलावा करावा. हा पट्टा सर्व भिंतींवरून अखंड फिरला पाहिजे. कोपऱ्यावर तो तुटल्यास त्याचा उपयोग राहत नाही.

४. लाकडी खांब व तुळई यांच्या सांध्यांना तिरपे आधार देऊन ते पक्के करावेत.

ज्या भिंती ओळंब्यात राहिलेल्या नाहीत किंवा फुगून सुटल्या आहेत, त्या उतरवून पुन्हा बांधणेच श्रेयस्कर. त्यासाठी तोच दगड वापरता येतो. मात्र आरपार दगड व काँक्रीटचे पट्टे आवश्यक आहेत.

लातूरचा अनुभव

जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावांचे स्थलांतर झाले, तर इतर शेकडो गावांत दीड लाखांहून अधिक घरांची दुरुस्ती व सबलीकरण घरमालकांच्या सहभागाने हाती घेण्यात आले. अनुदान हप्त्यांनी देण्यात आले. गावोगावी महिला संवाद सहायकांनी कुटुंबे व प्रशासन यांना जोडले. मात्र एक गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. दगडाची धास्ती घेतलेल्या अनेक कुटुंबांनी मिळालेल्या साहाय्यातून विटांची एखादी नवी खोली बांधली आणि शेजारचे जुने घर तसेच राहू दिले. नवी खोली सुरक्षित झाली. परंतु जुन्या घरातील वावर थांबला नाही, तेथील धोका कायमच राहिला.

गावाची जबाबदारी

यावरून असे दिसते की, केवळ निधी व नकाशे पुरेसे नाहीत. आपल्याच घराचा दगड योग्य बांधणीने भरवशाचा होतो, हे लोकांना प्रत्यक्ष पाहता आले पाहिजे. त्यासाठी ग्रामपंचायतीने गावातील एक जुने घर नमुन्यादाखल सबल करून घ्यावे, गवंडी व सुतारांना त्या कामावरच शिकवावे. गिलाव्याखाली झाकले जाण्यापूर्वी जाळी व सळई यांची तपासणी अधिकाऱ्यांनी करावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आपापल्या घराच्या भिंती, भेगा व छताचा थर यांची नोंद करवून घ्यावी. भूकंप केव्हा येईल हे सांगता येत नाही. परंतु कोणती भिंत पडेल, हे पुष्कळदा आधीच ओळखता येते.