लोकप्रतिनिधी आणि सामूहिक विमा

आमदाराची पात्रता, मुदत आणि अधिकार यांचा अभ्यास आपण नागरिकशास्त्रात करतो. परंतु पदावर असताना तो आजारी पडला किंवा मृत्यू पावला, तर त्याच्या कुटुंबाची तरतूद कोणी करावी, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

सामूहिक विम्यात प्रत्येक व्यक्तीशी वेगळा करार होत नाही. संपूर्ण समूहासाठी एकच करार होतो व निरोगी आणि दुर्बल, तरुण आणि वृद्ध, सर्वांचा भार एकत्र वाहिला जातो. मात्र समूह जितका मोठा, तितका हिशेब स्थिर राहतो. कल्पना करा, की दरवर्षी शंभरांत एकाला गंभीर आजार होतो व उपचारांस 10 लाख रुपये लागतात. 40,000 माणसांत सुमारे 400 रुग्ण निघतील आणि प्रत्येकाचा वाटा 10,000 रुपयांच्या आसपास राहील. पण समूह 40 जणांचाच असेल, तर एखाद्या वर्षी कोणीच आजारी पडणार नाही, आणि ज्या वर्षी दोघे पडतील त्या वर्षी तोच वाटा 50,000 रुपयांवर जाईल. आपल्या गोव्याच्या विधानसभेत 40 च सदस्य आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे. अमेरिकेतील अनेक राज्ये आपल्या विधिमंडळाच्या सदस्यांना राज्य कर्मचाऱ्यांच्याच विमायोजनेत सामील करून घेतात. त्यातील मर्म आता उमगेल.

परंतु लोकसेवकाने असे साहाय्य घ्यावे काय? इंग्लंडमधील चार्टिस्टांनी 1838 साली ज्या सहा मागण्या मांडल्या, त्यांत सभासदांना वेतन मिळावे ही एक होती. कारण वेतन नसेल, तर धनिकांवाचून अन्य कोणी प्रतिनिधी होऊ शकत नाही. ती मागणी 1911 साली वार्षिक 400 पौंडांच्या रूपाने फळास आली. त्याच वर्षी तेथे राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला. त्याअन्वये आरोग्यविम्यासाठी पुरुष कामगाराने आठवड्याला 4, मालकाने 3 व सरकारने 2 पेन्स द्यावयाचे होते. याउलट अमेरिकेच्या न्यू हँपशायर राज्यात सदस्यांचे वेतन दोन वर्षांच्या मुदतीस अवघे 200 डॉलर आहे, आणि ते 1889 पासून वाढलेले नाही. इतक्या अल्प वेतनावर मोलमजुरी करणारा मनुष्य विधिमंडळात कसा बसणार?

दुसरी बाजूही तितकीच विचारार्ह आहे. आपल्या संविधानाच्या 195 व्या अनुच्छेदानुसार आमदारांचे वेतन व भत्ते विधिमंडळच कायद्याने ठरविते. म्हणजे घेणारा आणि ठरविणारा एकच! म्हणून अशा सवलतींस काही मर्यादा असाव्यात. हप्त्याचा काही भाग सदस्याने स्वतः भरावा. खर्चाचा हिशेब जनतेपुढे यावा. आणि शक्य तेथे आमदार व कचेरीतील शिपाई यांची योजना एकच असावी. ज्या रुग्णालयाच्या दारात शिपायाला तिष्ठावे लागते, त्याच दारात आमदारही उभा राहिला, तर त्या योजनेतील उणिवा सभागृहात पोहोचण्यास विलंब लागणार नाही.

प्रतिनिधीला संरक्षण द्यावे, ते त्याने निर्भयपणे लोकसेवा करावी म्हणून. लोकांच्या दुःखापासून त्याला दूर ठेवण्यासाठी नव्हे. उद्याचे मतदार या नात्याने हा विवेक तुम्ही आजच अंगी बाणवावा.