नळीमागची विद्या

प्रश्न : यांत्रिकी अभियंत्याला कॅथेटर-उपकरणांची रचना आणि विपणन ही दोन्ही कामे करता येतात का?

उत्तर : येतात, किंबहुना या क्षेत्रात ती वेगळी काढणेच कठीण आहे. इथे कॅथेटर म्हणजे रक्तवाहिनीतून आत सरकवली जाणारी बारीक नळी. तिला पुढे ढकलताना ताठपणा लागतो, वळताना मऊपणा, आणि हा तोल कुठे बिघडतो हे डॉक्टरांचे हात पाहूनच उमगते. डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये हृदयधमनीची पहिली अँजिओप्लास्टी, म्हणजे कॅथेटरवरच्या फुग्याने अरुंद धमनी रुंदावण्याचा उपचार, केल्यानंतर १९७८ पासून इतर डॉक्टरांना प्रत्यक्ष उपचार दाखवणारे वर्ग घेतले. या क्षेत्रातले खरे विपणन असे शिकवण्यातूनच घडते. म्हणून सुरुवातीची वर्षे रचना व चाचणी विभागात काढावीत आणि हे उपचार जिथे होतात त्या कॅथलॅबमध्ये उभे राहण्याची एकही संधी सोडू नये.