कातळावरची बिऱ्हाडे

ओहोटी लागली की मालवणचा कातळ उघडा पडतो. वर शेवाळ, खाली दगडच दगड. इथे कोण राहणार? जरा वाकून पाहा.

कातळाला कालवे चिकटली आहेत. कालवाचे पिलू २-३ आठवडे पाण्यात पोहते. मग टणक जागा बघून चिकटते, ते कायमचे. पुष्कळदा जुन्या शिंपेवरच ते बसते. म्हणून कालवे काढणाऱ्या बायांना आम्ही सांगतो, मांस न्या, पण खालची शिंप कातळावरच राहू द्या.

शेवाळाला मुळे नसतात. ते दगडाला नुसते धरून असते आणि साऱ्या अंगाने पाण्यातून अन्न घेते. ऊन तापले की त्याच्या ओल्या झुपक्याखाली गोगलगाई दडतात.

आता दगडाखाली पाहू. तिथे कुर्ल्या असतात, कुणाकुणाची अंडी चिकटलेली असतात. कुर्ली धरायला आपण दगड उलटतो अन् तसाच टाकून जातो. भरती चढायला ६ तास लागतात. तोवर खालची अंडी उन्हात वाळतात. वरचे शेवाळ खाली दबते, त्याला ऊन मिळत नाही, ते कुजते. दोन्ही मजल्यांची बिऱ्हाडे बुडाली! कुर्ली खुशाल न्या, पण दगड होता तसा ठेवा. हळूच ठेवावा, म्हणजे खालचे जीव चिरडत नाहीत.